उन्हाळ्याची बेगमी आणि आपलं नाक मुरडणं

गेल्या गणपतीत आमच्या मंडळाच्या जेवणात विषय कसा कोण जाणे उत्तर ध्रुवाकडे वळला. कुणीतरी नुकतंच जहाजाने ग्रीनलंडला जाऊन आलं होतं. फोटो फिरले, हिमनग पाहून झाले आणि मग एका फोटोपाशी सगळे थबकले. किनाऱ्यावर एक कुटुंब बसलं होतं, समोर कापलेला सील होता आणि चार-पाच वर्षांचा मुलगा कच्च्या मांसाचा तुकडा चघळत होता. "शी! कच्चंच खातात?" एक काकू म्हणाल्या. दुसऱ्या म्हणाल्या, "बिचाऱ्यांना भाजी मिळत नाही ना." तिसऱ्यांचा प्रश्न असा, की सरकार यांना दक्षिणेत आणून नीट वसवत का नाही? मी काही बोलले नाही. मोदक खाऊन घरी आले. पण त्या तीन वाक्यांनी डोकं पोखरायला सुरुवात केली, कारण गेली तीन-चारशे वर्षं बाहेरचं जग इनुइटांशी जसं वागलं ते सगळं त्या तीन वाक्यांत आहे. आधी किळस, मग दया, मग 'तुमच्या भल्यासाठी' केलेली व्यवस्था.

या लेखात मला त्या तिन्ही वाक्यांना उत्तर द्यायचं आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. इनुइटांचं उन्हाळ्यातलं अन्न गोळा करणं हा मागासलेपणाचा अवशेष नाही. ती एक चोख ज्ञानव्यवस्था आहे आणि तिचा कणा कुटुंब आहे. ती मोडून तिच्या जागी दुकानातले डबे ठेवले, की भूक भागत नाही, उलट वाढते. आणि हे मोडण्यात आपल्यासारख्या दूरच्या, सुसंस्कृत, प्राण्यांवर प्रेम करणाऱ्या लोकांचा हात आपल्याला वाटतो त्यापेक्षा मोठा आहे.

आधी थोडी ओळख. 'एस्किमो' हा शब्द आता कॅनडात अपमानकारक मानला जातो. 'इनुइट' म्हणजे 'माणसं', आणि एकटा असेल तर 'इनुक'. ग्रीनलंड, उत्तर कॅनडा, अलास्का आणि रशियाचं पूर्व टोक मिळून त्यांची संख्या सुमारे १ लाख ८० हजार. त्यातले ७० हजारांच्या आसपास कॅनडात आहेत. १ एप्रिल १९९९ रोजी त्यांच्या मागणीतून नुनावुट हा वेगळा प्रदेश निर्माण झाला. क्षेत्रफळाने तो महाराष्ट्राच्या सहा पटींहून मोठा, पण लोकसंख्या जेमतेम ३७ हजार. पुण्यातल्या एका प्रभागातही याहून जास्त माणसं राहतात. इथली २५ गावं एकमेकांशी किंवा दक्षिणेशी एकाही रस्त्याने जोडलेली नाहीत. जायचं तर विमानाने, किंवा उन्हाळ्यात बर्फ फुटल्यावर जहाजाने.

घरी आल्यावर मी माझ्या लेकीला शेजारी बसवून एक जुना माहितीपट लावला. १९६३ ते १९६५ या काळात असेन बालिक्ची या मानववंशशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने नेत्सिलिक इनुइटांवर एक चित्रपटमालिका केली गेली. पेली बे, म्हणजे आजचं कुगारुक, या भागातल्या कुटुंबांनी आपल्या आधीच्या पिढीचं, बंदुका आणि कापडी तंबू येण्यापूर्वीचं, जगणं कॅमेऱ्यासाठी पुन्हा जगून दाखवलं. या मालिकेत निवेदन नाही. दगडांचा आवाज, पाण्याचा आवाज, मध्येच लहान मुलाचं रडणं, बस्स. उन्हाळ्याच्या भागात पुरुष गारठलेल्या नदीत उभे राहून दगड उचलून बांध घालतात. काठावर कातड्याचे तंबू आहेत. एक बाई बदक सोलते, लाकडी काड्यांभोवती केस गुंडाळून जुन्या पद्धतीच्या वेण्या घालते, मुलाला खेळायला फुगवलेल्या पिशवीचा चेंडू करून देते. मग मासे मारले जातात आणि सगळं कुटुंब गोल बसून ते तिथेच खातं.

"आई, हे एकमेकांना काही सांगतच नाहीत. तरी सगळ्यांना काय करायचं ते कसं माहीत?" लेकीने विचारलं. प्रश्न भाबडा होता, पण नेमका होता. उत्तरासाठी आधी त्या नदीत उतरावं लागेल.

आपल्यासारखेच इनुइटही सहा ऋतू मानतात. त्यांचे हिवाळ्याकडून हिवाळ्याकडे जाणारे टप्पे आपल्या वसंत-ग्रीष्मासारखे नाहीत. ते बर्फ कसा धरतो आणि कसा सुटतो यावर बेतलेले आहेत. यातला 'औयाक', म्हणजे खरा उन्हाळा, फार तोकडा असतो. इग्लूलिकसारख्या ठिकाणी मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य मावळतच नाही. तेवढ्या अखंड उजेडात पुढच्या काळोख्या महिन्यांची बेगमी करायची. कोकण किनाऱ्यावर पावसाळ्याआधी आगोट भरतात ना, सुके बोंबील, सोडे, मीठ-मसाला, तोच हिशेब. फरक एवढाच, की इथे पाऊस चार महिन्यांचा नसतो, गोठण आठ-नऊ महिन्यांची असते.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस याने १९०४-०५ साली एक निबंध लिहिला. त्यात त्याने दाखवलं, की इनुइट समाज वर्षातून दोनदा आपलं रूपच बदलतो. हिवाळ्यात अनेक कुटुंबं एकत्र, दाट वस्तीत राहतात. उन्हाळ्यात तोच समाज फुटून छोट्या छोट्या कुटुंबांत विखुरतो. कारण साधं आहे. हिवाळ्यात नेत्सिलिक समुद्राच्या गोठलेल्या पृष्ठभागावर सीलची श्वास घेण्याची भोकं शोधत. एक सील अनेक भोकं राखून ठेवतो, त्यामुळे जितके जास्त शिकारी तितक्या जास्त भोकांवर पहारा. उन्हाळ्यात मात्र अन्न पसरलेलं असतं. कुठे पक्ष्यांची अंडी, कुठे मासे, कुठे कॅरिबूंचे कळप. तिथे गर्दी करून उपयोग नाही, पांगावंच लागतं. म्हणजे कुटुंब किती मोठं असावं, हे इथे ऋतू आणि अन्न मिळून ठरवतात.

आता तो दगडी बांध. त्याला 'सापुतित' म्हणतात. आर्क्टिक चार हा सॅमनच्या कुळातला मासा. बर्फ फुटला की तो नदीतून समुद्रात उतरतो, महिना-दोन महिने भरपूर खाऊन लठ्ठ होतो आणि ऑगस्टमध्ये पुन्हा नदीने वर तळ्यात परततो. का परततो? कारण खारं पाणी शून्याच्या खाली, जवळजवळ उणे १.८ अंशांपर्यंत, द्रवरूपात राहतं. त्या तापमानात चारचं रक्तच गोठेल. गोड्या पाण्याचं तळं वरून कितीही गोठलं तरी खालचं पाणी शून्याच्या खाली जात नाही. म्हणून हिवाळा तळ्यातच काढायचा. हे भौतिकशास्त्र कुणी शिकवलं नव्हतं, पण त्याचा परिणाम पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेला होता. अमुक नदीत, अमुक दिवसांत, लठ्ठ झालेला मासा वर चढणारच. मग नदीत आडवा बांध घालायचा, मध्ये मासे शिरतील असं अंगण ठेवायचं आणि वाट पाहायची. घाई करून एकट्याने आधी पाण्यात उतरायचं नाही, नाहीतर मासे बिथरतात. मोठ्याने खूण केली की सगळ्यांनी एकदम उतरायचं.

हातातलं हत्यार म्हणजे 'काकिवाक'. मध्ये एक टोक आणि दोन्ही बाजूंना शिंगाचे लवचिक हात, त्यांना आतल्या बाजूला वळलेले काटे. वरून मारला की बाजूचे हात फाकतात आणि मग मिटून माशाला धरून ठेवतात. लोखंड जवळजवळ नसलेल्या प्रदेशात शिंग, हाड आणि नसांच्या दोऱ्यातून काढलेला हा उपाय कुठल्याही अभियांत्रिकीच्या वर्गात दाखवावा असा आहे.

पण मासे मारणं हा निम्माच भाग. उरलेला निम्मा बायकांच्या 'उलू'वर चालतो. उलू म्हणजे अर्धचंद्राच्या आकाराची सुरी, आपल्या विळीच्या पात्याची चुलत बहीण म्हणा. मासा मधोमध चिरायचा, शेपटीपाशी जोडलेला ठेवायचा, मांसाला आडव्या चिरा द्यायच्या आणि दोरीवर टांगायचा. चिरांमुळे वाऱ्याला लागणारा पृष्ठभाग वाढतो. हवा कोरडी आणि थंड असल्यामुळे मीठ न लावता तो वाळतो. याला 'पिप्सी' म्हणतात, आणि कॅरिबूचं वाळवलेलं मांस म्हणजे 'निक्कू'. उरलेलं मांस दगडांच्या ढिगाऱ्याखाली साठवायचं. दगड असे रचायचे, की वारा आत खेळेल पण कोल्हा शिरणार नाही. खालची जमीन कायमची गोठलेली, त्यामुळे शीतकपाट फुकट. मुलं आणि म्हाताऱ्या माणसांनी अंडी, समुद्रकाठचे शिंपले आणि ऑगस्टमध्ये पिकणारी काळी-निळी बोरं गोळा करायची. 'भाजी मिळत नाही ना' म्हणणाऱ्या काकूंना ही बोरं कुणी दाखवलीच नव्हती.

उन्हाळ्याच्या शेवटी कॅरिबू. दूरवर माणसासारखे दिसणारे दगडांचे खांब, 'इनुक्सुइत', रांगेने उभे करायचे, म्हणजे कळप बिचकून तळ्याच्या अरुंद भागाकडे वळतो. तिथे कयाकमधले शिकारी वाट पाहत असतात. हाच काळ का? कारण या दिवसांत कॅरिबूचं कातडं कपड्यांसाठी सर्वांत चांगलं असतं. आधीच्या कातड्याला माशीच्या अळ्यांची भोकं असतात, नंतरचं फार जाड होतं. त्याचे केस आतून पोकळ असतात, म्हणजे हवेचं अस्तर आयतंच मिळतं. समुद्रावरच्या बर्फावर जाण्याआधी हे सगळं शिवून झालंच पाहिजे, असा कडक निर्बंध होता. कारण जमिनीवरचे प्राणी आणि समुद्रातले प्राणी यांची सरमिसळ निषिद्ध मानली जाई. बाहेरच्याला ही अंधश्रद्धा वाटेल. पण तिचा परिणाम बघा. थंडी पडायच्या आत घरातल्या प्रत्येकाचे कपडे तयार. टाका चुकला तर शिकाऱ्याची बोटं जाणार, म्हणून नवऱ्याचं कौशल्य आणि बायकोचं कौशल्य यांत वरचं-खालचं काही नव्हतं.

या ज्ञानाची किंमत काय, ते याच प्रदेशाने जगाला दोनदा दाखवलं. १८४५ साली निघालेल्या जॉन फ्रँकलिनच्या मोहिमेतली १२९ माणसं डबाबंद अन्नाच्या साठ्यासह आली आणि त्यांतला एकही परत गेला नाही. ज्या बेटाच्या आसपास ती उपासमार, आजार आणि थंडीने संपली, तिथे नेत्सिलिक कुटुंबं मुलंबाळं वाढवत होती. पुढे रोआल्ड आमुंडसेन १९०३ ते १९०५ या काळात त्याच भागात राहिला. त्याने नेत्सिलिकांकडून कातड्याचे कपडे आणि कुत्र्यांच्या गाड्या शिकून घेतल्या. १९११ साली दक्षिण ध्रुवावर पहिलं पाऊल त्याचं पडलं. आणि फ्रँकलिनचं बुडालेलं जहाज २०१४ साली सापडलं, तेही इनुइटांच्या तोंडी परंपरेने दाखवलेल्या भागात.

आता कुटुंबाकडे येऊ. इनुइट बाळाला बहुधा नुकत्याच वारलेल्या नातलगाचं नाव देतात आणि नावाबरोबर नातंही देतात. आजीच्या आईचं नाव मिळालेल्या नातीला आजी 'आई' म्हणून हाक मारते. नावं स्त्री-पुरुष अशी वेगळी नसतात, त्यामुळे आजोबांचं नाव नातीलाही मिळतं. आपल्याकडेही नातवाला आजोबांचं नाव ठेवतात आणि मग सासऱ्यांचं नाव कसं घ्यायचं म्हणून सुनेची पंचाईत होते. इथे ती सून सरळ 'बाबा' म्हणून मोकळी होईल! अशा मुलावर ओरडणार कसं? त्याच्यात तुमचंच वडीलधारं माणूस आहे.

मुलांवर न ओरडण्याचं आणखी एक कारण जीन ब्रिग्ज हिने लिहून ठेवलं आहे. ही तरुण अमेरिकन संशोधक १९६३ साली बॅक नदीच्या मुखाशी राहणाऱ्या एका छोट्या इनुइट गटात गेली. एका कुटुंबाने तिला मुलगी म्हणून घरात घेतलं. तिच्या लक्षात आलं, की मोठी माणसं लहानांवर रागावतच नाहीत. मुलाला अजून 'इसुमा', म्हणजे समज, आलेली नाही, मग रागावून काय मिळणार? ती येईपर्यंत दाखवायचं, थांबायचं, थट्टेने शिकवायचं. म्हणून तर माहितीपटात कुणी कुणाला सांगत नव्हतं. मुलं बघून शिकत होती.

मग एका उन्हाळ्यात विमानाने हौशी मासेमार आले. गटाकडे सरकारने दिलेल्या कॅनव्हासच्या दोन नावा होत्या, आणि सगळ्यांची मासेमारी त्यांवर चालायची. पाहुण्यांनी एक नाव मोडली आणि दुसरी मागितली. ब्रिग्जचा तोल गेला. ती त्यांना तडातडा बोलली, म्हणाली, ही एकच उरली आहे, ही मोडली तर या लोकांनी खायचं काय? घरच्या कर्त्याने मात्र शांतपणे सांगितलं, नेऊ दे त्यांना. आपल्याला वाटेल, ब्रिग्जचे सगळ्यांनी आभार मानले असतील. उलट झालं. पुढचे तीन महिने गटाने तिला दूर ठेवलं. कुणी भांडलं नाही, जेवण बंद केलं नाही, फक्त तिच्या तंबूत येणं थांबवलं. जिथे जगणं एकमेकांच्या भरवशावर असतं, तिथे रागाने भडकणारा माणूस मोडक्या नावेपेक्षा धोक्याचा.

मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण तिच्यात तीन प्रकारचे बाहेरचे आहेत. नाव मोडणारे, त्यांच्यावर ओरडणारी, आणि हे वाचणारे आपण. नेमकं काय वाचवायचं, हे तिघांपैकी कुणालाच आधी विचारावंसं वाटलं नाही.

आता 'कच्चंच खातात' या वाक्याकडे. क जीवनसत्त्व उष्णतेने नष्ट होतं. बेलुगा देवमाशाची चरबीसकट त्वचा, म्हणजे 'माक्ताक', कच्ची खाल्ली तर तिच्यातलं क जीवनसत्त्व संत्र्याच्या जवळपास जातं. सीलचं कच्चं काळीजही चांगला स्रोत. शिजवलं की बरंचसं गेलं. म्हणजे कच्चं खाणं हाच तिथला लिंबू पिळण्याचा प्रकार आहे. ड जीवनसत्त्व, जे सूर्याच्या तिरक्या किरणांतून मिळणं अवघड, ते मासे आणि सीलच्या चरबीतून येतं. ध्रुवीय अस्वलाचं काळीज मात्र ते टाळतात, कारण त्यात अ जीवनसत्त्व विषारी ठरेल इतकं असतं. हे त्यांना प्रयोगशाळेच्या आधीपासून माहीत होतं.

यातून आपण काय शिकलो? गंमत आहे. १९७० च्या दशकात बँग आणि डायरबर्ग या डॅनिश संशोधकांनी ग्रीनलंडमधल्या इनुइटांचं रक्त तपासलं, आणि त्यातून माशाच्या तेलाच्या कॅप्सुलांचा जगभरचा व्यापार उभा राहिला. आपल्यापैकी कित्येकांच्या फडताळात ती बाटली असेल. पण या संशोधकांनी हृदयविकाराचं प्रमाण स्वतः मोजलं नव्हतं, आणि २०१४ साली झालेल्या फेरतपासणीत 'इनुइटांना हृदयविकार होत नाही' हा समज डळमळीत ठरला. २०१५ साली तर आणखी एक गोष्ट समोर आली. ग्रीनलंडच्या इनुइटांमध्ये स्निग्धाम्लांवर प्रक्रिया करणाऱ्या जनुकांची विशिष्ट रूपं फार मोठ्या प्रमाणात आढळली. हजारो वर्षांच्या सागरी आहाराने त्यांचं शरीर घडवलं आहे.

आणि इथे आपलं पुणं येतं! २०१६ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी पुण्यातल्या, मुख्यतः शाकाहारी, २३४ लोकांचे नमुने तपासले. याच जनुकसमूहातला एक बदल, जो वनस्पतीजन्य स्निग्धाम्लांपासून शरीराला लागणारी लांब साखळीची स्निग्धाम्लं बनवायला मदत करतो, त्याच्या दोन्ही प्रती ६८ टक्के लोकांत आढळल्या. अमेरिकी नमुन्यात हेच प्रमाण १८ टक्के होतं. इनुइटांमध्ये निवड याच्या उलट दिशेने झालेली दिसते. ज्यांना तयार स्निग्धाम्लं माशातून मिळतात, त्यांना ती बनवण्याची गरज काय? म्हणजे आपलं वरण-भात आणि त्यांचा सील ही एकाच जनुकाने दिलेली दोन उत्तरं आहेत. एकाने दुसऱ्याच्या ताटाकडे पाहून नाक मुरडण्यात काही अर्थ नाही, आणि त्याचं ताट आंधळेपणाने कॅप्सुलात भरून गिळण्यातही नाही.

आता दयेचं वाक्य. १९५० च्या आसपास कॅनडा सरकारने इनुइटांना कायमच्या वस्त्यांत आणायला सुरुवात केली. शाळा, दवाखाना, घर ही कारणं होती आणि काही खरीही होती. मुलं शाळेत गेली, कित्येक वसतिगृहांत दूर नेली गेली. उन्हाळ्यात नदीकाठी बघून शिकायचे दिवस नेमके तेच गेले. आज गावात दुकान आहे, माल विमानाने येतो आणि किमती दक्षिणेच्या काही पट असतात. २००७-०८ सालच्या आरोग्य पाहणीत नुनावुटमधली तीन ते पाच वर्षांची जवळजवळ ७० टक्के इनुइट मुलं अन्नाची शाश्वती नसलेल्या घरांत राहत होती. जगातल्या सर्वांत श्रीमंत देशांपैकी एकातला हा आकडा आहे.

मग शिकारीला का जात नाहीत? जातात. पण गाव एका जागी स्थिर झालं, म्हणून शिकारीची जागा दूर गेली. तिथे पोचायला बर्फावरची मोटारगाडी, पेट्रोल, नाव, काडतुसं लागतात. हा पैसा पूर्वी सीलच्या कातड्यातून येई. मांस घरात आणि शेजारी वाटायचं, कातडं विकून पेट्रोल घ्यायचं. १९८३ साली युरोपीय समुदायाने सीलच्या पांढऱ्या पिल्लांच्या कातड्यावर बंदी घातली. इनुइट ती पिल्लं मारतच नव्हते, ते मोठे वलयांकित सील मारत, आणि ही जात उत्तरेत मुबलक आहे. बाजाराला एवढा फरक कुठे कळतो? सगळ्याच कातड्याची किंमत कोसळली. २००९ साली पुन्हा बंदी आली, 'इनुइटांना सूट' असं कागदावर लिहून. बाजारच नसेल तर सूट काय चाटायची? अलेथिया अर्नाकुक-बारिल या इनुक दिग्दर्शिकेने २०१६ च्या 'अँग्री इनुक' या माहितीपटात हेच विचारलं आहे. ज्यांनी सही केली, देणगी दिली, पिल्लाचा फोटो शेअर केला, त्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यात आपण शाकाहारी मराठी मंडळीही असू. पण त्या सहीने कुणाच्या तरी घरातलं पेट्रोल संपलं.

दुसरा हात आणखी अदृश्य आहे. १९८० च्या दशकात एरिक देवाई या संशोधकाला उत्तर क्वेबेकमधल्या इनुइट आयांच्या दुधात पीसीबी हे औद्योगिक विष दक्षिणेतल्या स्त्रियांपेक्षा कित्येक पट जास्त सापडलं. ते तिथे कुणी वापरलं नव्हतं. आपल्या कारखान्यांतून, शेतांतून उडून, थंड हवेत खाली बसून ते चरबीत साठत गेलं. शीला वॉट-क्लुटिए यांच्यासारख्या इनुइट नेत्यांनी हे जगासमोर आणलं आणि २००१ च्या स्टॉकहोम कराराला त्यातून मोठं बळ मिळालं. कच्च्या मांसाला 'शी' म्हणताना हेही आठवावं, की त्यातली खरी घाण आपण पाठवलेली आहे.

इथे माझ्यावर एक आक्षेप येईल आणि तो योग्य आहे. तुम्ही जुन्या दिवसांचं गोड चित्र रंगवता. तसं नाही. त्या दिवसांत दुष्काळ पडत, माणसं उपाशी मरत. नेत्सिलिकांमध्ये जन्मलेल्या मुलींना मारण्याची प्रथा होती, हे क्नूड रासमुसेनने १९२० च्या दशकात स्वतः नोंदवलं आहे. माहितीपटातल्या कुटुंबांनाही परत कातड्याच्या तंबूत राहायचं नव्हतं. याच चित्रपटांवर बेतलेला अभ्यासक्रम अमेरिकेतल्या शाळांत सुरू झाला, तेव्हा १९७५ साली अमेरिकी संसदेत गदारोळ झाला होता, की मुलांना असल्या प्रथा का शिकवता. मला वाटतं, दोन्ही टोकं एकच चूक करतात. एक म्हणतो, सगळं सुंदर होतं. दुसरा म्हणतो, सगळं भयंकर होतं. दोघेही आजच्या इनुइटाला विचारत नाहीत, की यातलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं.

विचारलं तर उत्तर मिळतं. त्यांना दवाखाना हवा आहे, इंटरनेट हवं आहे, आणि ऑगस्टमध्ये मुलांना घेऊन नदीवरही जायचं आहे. २०११ पासून कॅनडा सरकार उत्तरेकडच्या दुकानांना अन्नासाठी अनुदान देतं. पण शिकार आणि मासेमारीसाठी थेट मदत याच योजनेत यायला २०२० उजाडलं. इतकी वर्षं अन्न म्हणजे डब्यातली वस्तू, असंच कागदावर होतं. माझ्या मते क्रम उलटा हवा. पहिला पैसा नावेला, पेट्रोलला आणि शाळेच्या वेळापत्रकात उन्हाळ्याच्या मुक्कामाला. कारण एका चारमागे मासा, वाळवण, शिवण, आजीची भाषा आणि शेजाऱ्याचा वाटा एवढं सगळं येतं. डब्यामागे फक्त डबा येतो.

एक तीळ सात जणांनी वाटून खावा, असं आपण लहानपणापासून ऐकतो. तिथे हे नुसतं सुभाषित नाही, ती जगण्याची अट होती आणि अजूनही गावात सील आला की घराघरात वाटा जातो.

पुढच्या गणपतीत तो विषय पुन्हा निघाला, तर मी गप्प बसणार नाही. कुणावर ओरडणारही नाही, ब्रिग्जच्या गोष्टीने एवढं तरी शिकवलं आहे. काकूंना तो माहितीपट दाखवीन, आणि त्यात निवेदन नाही हे आधीच सांगेन. मध्येच कुणी "हे सगळं त्यांना कुणी शिकवलं?" असं विचारलं, की शेजारी बसलेली माझी लेक उत्तर देईल. तिला आता ठाऊक आहे.